विद्युत क्षेत्र शून्य कुठे? आधी बाण, मग समीकरण

बारावीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक्समधलं हे नेहमीचं गणित: दोन चार्ज (विद्युतभार) दिलेत, त्यांच्या रेषेवर विद्युत क्षेत्र, म्हणजे तिथे ठेवलेल्या एकक धन चार्जवर लागणारा जोर, शून्य कुठे? भाचीला शिकवायला बसलो तेव्हा समीकरणाला हातच लावू दिला नाही. आधी प्रत्येक चार्जच्या क्षेत्राची दिशा दाखवणारे बाण काढायचे.

आमचे चार्ज होते +४ आणि −१ मायक्रोकूलोम, अंतर ३० सें.मी. दोघांच्या मध्ये एक ढकलतो, दुसरा ओढतो, म्हणजे दोन्ही बाण एकाच बाजूला. तिथे शून्य येणं शक्य नाही. +४ च्या पलीकडे बाण विरुद्ध होतात, पण मोठा चार्जच जवळ असल्याने लहान कधीच पुरा पडत नाही. उरली −१ च्या पलीकडची बाजू. क्षेत्र म्हणजे चार्ज भागिले अंतराचा वर्ग या प्रमाणात, म्हणून −१ पासूनचं अंतर क्ष धरलं, तर ४/(क्ष+३०)² = १/क्ष². वर्गमूळ घेतलं की २क्ष = क्ष + ३०, क्ष = ३० सें.मी. वर्गसमीकरणातून −१० हेही उत्तर निघतं. ही जागा दोघांच्या मध्ये; तिथे दोन्ही क्षेत्रं सारख्याच जोराची, पण दिशा एकच. बाण काढलेले असले की ते उत्तर डोळे झाकून खोडता येतं. शिवाय क्षेत्र शून्य असलं म्हणून विभवही (एकक चार्जमागची ऊर्जा, व्होल्टमध्ये) शून्य असं नाही: आमच्या बिंदूवर ते चांगलं ३०,००० व्होल्ट निघालं.

मग तिने विचारलं, "मामा, तीन चार्ज असतील तर?"

खरी मजा इथे आहे. समभुज त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर तीन सारखे धन चार्ज ठेवा. केंद्रात क्षेत्र शून्य, हे कोणीही सांगेल. आता एका बाजूचा मध्यबिंदू बघा. त्या बाजूचे दोन चार्ज एकमेकांना रद्द करतात, समोरच्याचा धक्का उरतो, बाण बाहेर. केंद्रापासून कोपरे १० सें.मी. वर धरले तर हा मध्यबिंदू ५ सें.मी. वर येतो. त्याच वाटेवर केंद्रापासून १ सें.मी. सरकून आकडे घातले, तर बाण आत, केंद्राकडे! आत आणि बाहेर यांच्या मध्ये कुठेतरी शून्य असलंच पाहिजे. एक्सेलमध्ये अंतर थोडं थोडं वाढवत गेलो. २.८ ला बाण आत, ३ ला बाहेर. शून्य साधारण २.८५ वर. अशा वाटा तीन, म्हणजे केंद्र धरून चार शून्यबिंदू. सममिती बघून थांबलो असतो तर हे तीन दिसलेच नसते.

विद्युतचुंबकत्वाचा सिद्धांत मांडणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८७३ च्या ग्रंथात जो अंदाज मांडला, त्यानुसार चार्जच्या संख्येतून एक वजा करून वर्ग करायचा, त्याहून जास्त शून्यबिंदू नसतात. तिनासाठी चार, आमच्याइतकेच. सिद्धता मात्र फार अवघड: २००७ साली तीन चार्जसाठी गणितींनी सिद्ध केलेली मर्यादा १२ होती.

भाचीने पुढे स्वतःच चौरस घेतला. मध्यबिंदूवर बाण बाहेर, केंद्राजवळ आत. एक्सेल उघडण्याआधीच तिने प्रत्येक बाजूकडे एकेक टिंब देऊन ठेवलं होतं.