रतनगड ते हरिश्चंद्रगड, आणि मध्ये एक निखळलेला हुक

बूट घेताना आपण सोल बघतो. दुकानात उलटा करून अंगठ्याने दाबतो, वाकवून बघतो, 'ग्रिप आहे का' म्हणून दुकानदाराला चार वेळा विचारतो. घोट्यापाशी लेस अडकवायला धातूचे ते छोटे हुक असतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघांनी रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड असा चार दिवसांचा ट्रेक केला, त्यातले जवळजवळ अडीच दिवस मी त्या हुकाचाच विचार करत चालत होतो. हा वृत्तांत त्यामुळे थोडा पायाकडे बघत लिहिलेला आहे.

पोचायचं कसं ते आधी. पहाटेची कसारा लोकल, तिथून जीपने घोटी, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणारी गाडी धरून शेंडी. शेंडीला चहा-नाश्ता उरकून घ्या आणि पुढचं किराणाही तिथेच भरा. शेंडी ते रतनवाडी रस्ता जलाशयाला वळसा घालत जातो. जीप ठरवावी लागते, आणि चौघे असाल तर परवडते. जलाशयातून बोटीनेही रतनवाडीला जाता येतं, पण ते बोटवाल्याच्या आणि पाण्याच्या मर्जीवर, त्यावर वेळापत्रक बांधू नका. हा सगळा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती घ्या आणि शेवटपर्यंत जपून ठेवा.

रतनवाडीतलं अमृतेश्वराचं मंदिर घाईत बघायचं नाही. आम्ही तासभर थांबलो आणि तरी कमीच पडला. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम उन्हाच्या तिरप्या प्रकाशात बघावं, म्हणजे सकाळी किंवा चारनंतर. शेजारची पुष्करणीही बघा.

गडाची वाट प्रवरेच्या पात्राच्या कडेने दाट झाडीत शिरते. दीडेक तासाने फाटा लागतो. एक वाट रतनगडाच्या शिड्यांकडे, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. फाटा नीट लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी उतरून इथेच यायचं असतं आणि अर्धवट उजेडात तो चुकायला सोपा आहे. शिड्या चढून दरवाज्यातून वर गेलं की गुहा आहे, मुक्काम तिथे. संध्याकाळी नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, जाऊन बसलो. वारा असा की टोपी हातात धरून बसावं लागलं. समोर अलंग-मदन-कुलंगचे गड, मागे उद्या जायचं ते सगळं. गड १२९७ मीटर उंच, आणि रात्री गुहेत थंडी त्याच्या दुप्पट उंचीची. स्लीपिंग बॅग पातळ आणू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी उतरताना पहिला प्रकार घडला. माझे बूट घोट्याच्या वर जाणारे, खाली पाच जोड्या भोकांच्या आणि वर तीन जोड्या हुकांच्या. हुक म्हणजे काय, पत्र्याची एक छोटी वाकवलेली जीभ, मागून रिपीट ठोकून बुटाला बसवलेली. लेस ओवायची नाही, नुसती अडकवायची. सकाळी थंडीत बोटं आखडलेली असताना त्याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. पण ही जीभ लेस पकडण्यासाठी उघडी असते, आणि ती कुणाची लेस पकडायची हे काही बघत नाही. डाव्या बुटाच्या गाठीचा फासा मी लांबच ठेवला होता. शिडीवर डावा पाय उजव्याच्या जवळून खाली सोडला आणि तो फासा उजव्या बुटाच्या हुकात जाऊन बसला. दोन्ही पाय एकमेकांना बांधलेले, हात शिडीच्या दांड्यावर, खाली आमच्या चौघांतल्या अण्णांचं डोकं. मी "थांबा" एवढंच ओरडलो. अण्णा थांबले, वर आले, एका हाताने फासा सोडवला आणि म्हणाले, "लग्नात गाठ मारतात तशी मारलीयस."

हसण्यावारी गेलं, पण हे प्रत्यक्षात पडण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. सपाटीवर तोंडावर आपटता, शिडीवर काय होईल ते सांगायला नको. उपाय साधा आहे. गाठ मारून झाली की फासे आणि लेसची टोकं बुटाच्या आत खोचायची, किंवा खालच्या लेसच्या पट्ट्याखाली सरकवायची. फासे बोटभरच ठेवायचे. हुक असलेले बूट घालणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी, आणि शिडी किंवा कातळ आला की पुढच्याने मागच्याचे पाय बघावेत.

फाट्यावरून कात्राबाईच्या खिंडीकडे वाट चढते. हा चढ खरं तर या ट्रेकचा सगळ्यात सुंदर भाग, जंगल दाट, पक्ष्यांचे आवाज, माणूस नाही. वाटाड्या घ्यायला हवा का, असा प्रश्न बरेच जण विचारतात. आमच्यापैकी दोघे आधी येऊन गेले होते, तरी एका ठिकाणी गुरांच्या वाटेने वीस मिनिटं भलतीकडे गेलो. पहिल्यांदा जात असाल तर रतनवाडीतून माणूस घ्या.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे. नमस्कार केला, चिक्की खाल्ली आणि कुमशेतच्या बाजूने उतरायला लागलो. उतार मुरमाड. दहा-पंधरा मिनिटांत उजवा बूट सैल वाटायला लागला. लेस घट्ट करायला वाकलो तर सगळ्यात खालचा हुक जागेवर नव्हता. सकाळी शिडीवर बसलेल्या हिसक्याने तो हलला असणार आणि इथे उताराच्या ताणाने पूर्ण निघाला. मागे कापडात एक गोल भोक आणि त्याच्या कडेला उसवलेले धागे, एवढंच शिल्लक.

एक हुक गेल्याने काय बिघडतं? मलाही असंच वाटलं होतं. तीन जोड्यांपैकी सगळ्यात खालची जोडी पाऊल जिथे घोट्याशी वाकतं बरोबर तिथे असते. टाच मागे धरून ठेवायचं काम तीच करते. चढताना हे कळत नाही, कारण वजन पुढे आणि वर असतं. उतरताना पाऊल बुटात पुढे घसरतं, बोटं बुटाच्या नाकाला आपटतात. ट्रेकहून आल्यावर अंगठ्याचं नख काळं पडतं आणि आपण बूट छोटा म्हणून दुकानदाराला शिव्या देतो, त्यातल्या निम्म्या वेळा बूट बरोबर असतो, बांधणी चुकलेली असते.

आधी तो हुक सोडून लेस थेट वरच्यात अडकवून बघितली. बूट एका बाजूला ओढला जाऊन घोटा तिरका पडायला लागला. मग त्याच बुटातला त्याच्या जोडीचा समोरचा हुकही सोडून दिला. ओढ सारखी झाली, पण टाच उचलली जायला लागली. भोकातूनच लेस ओवायचा प्रयत्न केला तर जाड लेस त्यातून जाईना आणि जोर लावून ओढली तर कापड आणखी फाटणार हे दिसत होतं.

तेव्हा अण्णांनी खिशातून घराची किल्ली काढली. किल्लीला ती दुहेरी वेटोळ्याची स्टीलची रिंग, आणि रिंगला तुळजाभवानीचं छोटं पदक. त्यांनी आधी पदक काढलं, कपाळाला लावलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. किल्ली काढून पाकिटात टाकली. मग नुसती रिंग माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता हिचं काय करायचं ते कर."

रिंगचं टोक नखाने उचकटून भोकात घातलं आणि फिरवत फिरवत पूर्ण वेटोळं आत घेतलं. भोक बुटाच्या कडेपासून सेंटीमीटरभर आत होतं, त्यामुळे रिंग कडेला आरामात लोंबली. त्यातून लेस ओवली. आतल्या बाजूला रिंग पायाला घासू नये म्हणून चिकटपट्टीचे दोन थर दिले. सगळं मिळून दहा मिनिटं. टाच पुन्हा जागेवर बसली. कुमशेतपर्यंत, पुढे पाचनई, गड, आणि परतीची तोलार खिंड, सगळं त्या रिंगवर झालं.

बांधायची पद्धत याच निमित्ताने नीट जमली, ती लिहून ठेवतो. उतार सुरू व्हायच्या आधी बसायचं, सगळ्या लेस सोडायच्या, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची. बोटांवरच्या लेस बेताच्या, पण पाऊल वाकतं तिथे घट्ट, आणि तिथे दोन्ही लेस एकमेकींभोवती एकाऐवजी दोन वेढे द्यायच्या म्हणजे वरचं ढिलं झालं तरी खालचं सुटत नाही. मग हुक. लेस हुकात खालून न आणता वरून खाली आणून अडकवायची, ती स्वतःलाच दाबून धरते. चढताना मात्र सगळ्यात वरचा हुक मोकळा सोडला तरी चालतो, नडगीला बरं वाटतं.

कुमशेतला एका घराच्या पडवीत मुक्काम केला. जेवण त्यांनीच दिलं, नागलीची भाकरी आणि ठेचा. पैसे न मागता द्या आणि नीट द्या. घरातल्या मामांनी माझ्या बुटाकडे बराच वेळ बघितलं. त्यांच्या पायात रबरी चपला, त्याच घालून ते गुरांमागे दिवसभर कड्याकपारी फिरतात. "एवढा जड बूट, आनि किल्लीवर चालतो व्हय," म्हणाले. यावर काय बोलणार.

तिसरा दिवस तुलनेने सोपा. पाचनईपर्यंत चाल आणि तिथून गडावर दोन तास. पाचनईची वाट सगळ्यात सोपी आहे, लहान मुलं किंवा पहिल्यांदा येणारे असतील तर याच वाटेने जा आणि याच वाटेने या. शनिवार-रविवारी मात्र इथे जत्रा असते. आम्ही मुद्दाम मंगळवारी पोचलो होतो. केदारेश्वराच्या गुहेत पाणी कमरेपर्यंत आणि बर्फासारखं. भोवतालच्या चार खांबांपैकी एकच अखंड उभा आहे. बूट काढून पाण्यात उतरावं लागतं, तेव्हा बूट आडोशाला ठेवा, माकडं लेस ओढतात. कोकणकड्यावर सूर्यास्ताला पोचा, पण कड्याच्या टोकाशी पालथं पडून बघा, उभं राहून नाही. वर टपऱ्यांमध्ये पिठलं-भाकरी मिळते, आधी सांगून ठेवावं लागतं. पुष्करणीचं पाणी पिऊ नका, पिण्याचं कुठलं ते टपरीवाल्याला विचारा.

उतरलो खिरेश्वरकडे. टेकड्यांची चढउतार संपता संपत नाही, मग रेलिंग लावलेला कातळाचा टप्पा आणि तोलार खिंड. रेलिंगच्या टप्प्यावर चेहरा कातळाकडे करून उतरा आणि सॅक आखूड बांधा. खिरेश्वरचं नागेश्वराचं मंदिर दमला असलात तरी चुकवू नका, छताकडे मान वर करून बघा. तिथून धरणाच्या भिंतीवरून खुबी फाटा पाचेक किलोमीटर, कंटाळवाणं आणि बिनसावलीचं. जीप मिळाली तर घ्या. फाट्यावर माळशेज घाटातून कल्याणला जाणारी एसटी मिळते, संध्याकाळ व्हायच्या आत पोचा.

सोबत काय न्यायचं यावर मोठमोठ्या याद्या फिरत असतात. माझी भर एवढीच: एक जादा लेस (गोल लेस हुकातून लवकर सटकते, चपटी बरी), दोन किल्लीच्या रिंगा, चिकटपट्टी. आणि निघायच्या आधल्या आठवड्यात प्रत्येक हुक दोन बोटांत धरून हलवून बघा. गोल फिरत असेल तर तो जाणार. जीभ दबून चपटी झाली असेल तर पक्कडीने हलकेच उघडा, तिच्या धारेने लेस कापली जाते. बक्कल असलेल्या सँडल घालून येणाऱ्यांनी बक्कलचा मधला खिळा गंजलाय का ते बघा.

कल्याणला स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांकडे बूट दिला. त्यांनी रिंग काढली, भोकामागे चामड्याची चकती लावली, डब्यातून जुन्या बुटाचा हुक शोधून काढला आणि तीन हातोड्यांत रिपीट बसवलं. मागे चकतीच नव्हती, नुसत्या कापडात ठोकलं होतं, म्हणाले. मग न सांगता बाकीचे पाचही हलवून बघितले आणि त्यातल्या दोघांनाही चकत्या लावून दिल्या. साठ रुपये झाले.

रिंग पुसून अण्णांना परत द्यायला गेलो. त्यांनी घेतली नाही. बुटाला लागलेल्या रिंगमध्ये आता देवी घालणार नाही म्हणाले, नवीन आणलीसुद्धा होती. जुनी माझ्या प्रथमोपचाराच्या डब्यात आहे, चिकटपट्टीच्या रिळात अडकवून ठेवलेली.