लिव्हर वाकला

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला तो मुलगा शॉपमध्ये आला. जॉबवर्कच्या धंद्यात गिऱ्हाईक न कळवता आलं की समजायचं, माल परत आलाय. त्याने काही न बोलता पिशवीतून लालभडक पावडर लावलेला एक क्लच लिव्हर काढला, आमच्या व्हाइसमध्ये पकडला आणि दोन बोटं लावून खाली दाबला. लिव्हर वाकला. तुटला नाही, तडकलाही नाही. डब्यातला चमचा वाकावा तसा वाकला आणि तसाच राहिला.

"काका, तुम्ही ह्याला केलंय तरी काय?"

माझं पावडर कोटिंगचं छोटं शॉप आहे, भोसरीला. म्हणजे धातूवर विजेच्या भाराने रंगाची पावडर चिकटवायची आणि ओव्हनमध्ये भाजून पक्की करायची. बूथ एक, गन दोन, ओव्हन एक आणि मागच्या बाजूला सात टाक्यांची रांग. इलेक्ट्रिक पॅनेल, जिमचे बाक, गेटच्या जाळ्या, कधी कास्टिंगचा माल, असलं काम. हा मुलगा नवीन गिऱ्हाईक. स्वतःच्या दोन सीएनसी मशीनवर मोटरसायकलचे ब्रेक आणि क्लच लिव्हर बनवतो, सळीतून कोरून काढलेले. शर्यतीची हौस असलेली मंडळी घेतात. त्याला चकचकीत लाल रंग हवा होता. ऐंशी नग होते. पैकी बावीस नगांवर पहिल्या खेपेला कचरा बसला, म्हणून आम्ही ते सोलून पुन्हा केले. सोलणं-पुन्हा करणं आमच्याकडे रोजचंच. त्यामुळे त्या बावीस नगांचा मी दुसऱ्यांदा विचारही केला नव्हता. व्हाइसमधला लिव्हर त्या बाविसांतला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

माझं पहिलं उत्तर खास भोसरी छापाचं होतं. म्हटलं, "मटेरियल बघा तुमचं. सळीवाल्याने टोपी घातली असेल." तो म्हणाला मटेरियल 7075 टी6 ग्रेडचं ॲल्युमिनियम आहे, सर्टिफिकेट आहे, आणि रंग न लावलेला त्याच सळीतला लिव्हर त्याच्याकडे आहे. तोही त्याने पिशवीतून काढला. व्हाइसमध्ये धरून मी अंगाचा भार टाकला. ढिम्म हलला नाही.

मी तरीही ऐकलं नाही. रंगाने कधी धातू मऊ होतो का? वीस वर्षं ह्या लायनीत काढली. रंग निघतो, सोलतो, फिका पडतो, त्यावर फोड येतात. पण धातू रंगामुळे वाकला असं मी कधी ऐकलं नव्हतं. तो गेला तेव्हा दोघांच्याही मनात एकमेकांबद्दल बरं काही नव्हतं. जाताना एवढंच म्हणाला, "अजून एकही विकलेला नाही, एवढं नशीब." क्लचचा लिव्हर वाकला तर गिअर अडतो. ब्रेकचा वाकला तर काय होतं ते त्याला सांगावं लागलं नाही आणि मलाही.

संध्याकाळी साडेसातला भाच्याचा फोन आला. ताईचा मुलगा, ओहायोत असतो. तिकडे शनिवारची सकाळ. त्याचं खूळ असं की तो रायफलीच्या गोळ्या स्वतः ओततो. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, आणि रेंजवर जाऊन दोनशे-तीनशे यार्डांवर कागदाला भोकं पाडायची, शक्य तितकी जवळजवळ. तिकडे हा रीतसर छंद आहे. इकडे परवान्याशिवाय असलं काही करायला गेला तर 1959 चा शस्त्र कायदा त्याचं दार ठोठावेल, हे मी त्याला दर दिवाळीला सांगतो.

वर्षभरापूर्वी त्याने गोळ्यांना पावडर कोटिंग सुरू केलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. गोळीला रंग! पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. उघडं शिसं नळीच्या आतल्या पोलादाला घासून चिकटतं, नळी घाण होते आणि नेम बिघडतो. पूर्वी गोळीच्या खाचांत मेणाचं वंगण भरायचे. आता तेच काम पॉलिएस्टर पावडरचा थर करतो. आमच्यासारखी गन नाही की बूथ नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात गोळ्या, चमचाभर पावडर आणि खेळण्यातल्या बंदुकीचे प्लॅस्टिकचे छर्रे घालायचे आणि भेळ हलवतात तसा डबा हलवायचा. घर्षणाने वीज तयार होते आणि पावडर गोळीला चिकटते. मग 200 अंशांवर वीस मिनिटं. ओव्हन जुन्या बाजारातून घेतलेला वेगळा आहे, स्वयंपाकघरातला नाही, हे मी शपथ घालून विचारून घेतलं होतं. शिशाशी गंमत नाही.

त्या दिवशी त्याचा प्रश्न वेगळा होता. "मामा, थर पातळ कसा करू? नाकाचा घोळ होतोय."

त्याने समजावलं ते असं. त्याच्या नळीत आटे आहेत, म्हणजे आतून कोरलेल्या वळणदार खोबणी. आट्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर 7.62 मिलिमीटर, खोबणींमधलं 7.82. गोळीचं मागचं अंग खोबणी भरेल इतकं, म्हणजे 7.85 च्या आसपास ठेवायचं. पुढचं नाक उंचवट्यांवर जेमतेम टेकेल एवढंच हवं, म्हणजे गोळी नळीत सरळ उभी राहते. मागच्या अंगावर पावडर जास्त बसली तर गोळी डायमधून दाबून मापाला आणता येते. नाकाला तशी सोय नाही. थराने नाक दोन्ही बाजूंनी पंचवीस-पंचवीस मायक्रॉन फुगतं, म्हणजे व्यास 0.05 ने वाढतो, आणि गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोलगट भागात, जाताना अडते. जबरदस्तीने बसवली तर तिरकी बसते. तिरकी निघालेली गोळी तीनशे यार्डांवर कुठे जाईल ते देवाला ठाऊक.

माझं डोकं लिव्हरमध्ये होतं, पण हा प्रश्न माझ्या गल्लीतला. त्याला म्हटलं, थर पातळ करण्याच्या नादी लागू नकोस. पावडरचा दाणाच सरासरी तीस-चाळीस मायक्रॉनचा असतो. आहे त्याहून पातळ करायला गेलास की कुठे थर आणि कुठे उघडं शिसं, असं होणार. थर आहे तो राहू दे, साचाच बदल. नाक तेवढं बारीक कापून घे. वंगणाच्या खोल खाचा आता कशाला हव्यात, त्या काढून टाक. ठेवायच्याच असतील तर कडा गोल कर, कारण पावडर वितळली की धारदार कडेवरून मागे सरते आणि कोपऱ्यात साचते. आणि गोळ्या ओव्हनमध्ये बुडावर उभ्या करतोस ना? मग खाली ओघळ साचून बुडाला झालर येत असेल, ती बघ. तो म्हणाला, येते, आणि बूड नाकापेक्षा महत्त्वाचं. नळीतून बाहेर पडताना मागचा वायू बुडाच्या सगळ्या बाजूंनी एकसारखा सुटला नाही तर गोळी डोलते. हे मला नवीन होतं. एवढ्याशा शिशाच्या तुकड्याचं हे असलं डिझाइन.

मग सहज गप्पांच्या ओघात तो म्हणाला, "बाकी कडकपणाचा घोळ सुटला माझा."

"कसला कडकपणा?"

"अरे मामा, मी गोळ्या साच्यातून थेट पाण्याच्या बादलीत टाकायचो. माझ्या शिशात अँटिमनी आहे, थोडं आर्सेनिक आहे, तर गरम असतानाच पाण्यात टाकलं की कडक होतं. कडकपणाच्या ब्रिनेल मापावर वीसच्या आसपास. पावडर लावायला लागलो आणि ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरला. महिनाभर मी रंगाला शिव्या देत होतो. शेवटी कडकपणा मोजला तर बारा! ओव्हनने सगळं उतरवलं होतं. दोनशे अंश म्हणजे आपल्याला रंग पिकवणं, पण धातूला ते हीट ट्रीटमेंटच ना. आता ओव्हनमधून काढल्या काढल्या पाण्यात टाकतो. आला कडकपणा परत."

मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. तो हॅलो हॅलो करत होता.

शेजारच्या गल्लीत हीट ट्रीटमेंटचं शॉप आहे. मालक सत्तरीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. शनिवारी रात्री आठला ते शॉपमध्येच असतात, घरी टीव्हीवर सिरियल चालू असतात म्हणून. तीन लिव्हर घेऊन गेलो. एक बिनरंगाचा, एक एकदाच भाजलेला, आणि तो वाकलेला. अण्णांनी रंग खरवडला आणि कडकपणा मोजायच्या मशीनवर, रॉकवेल बी मापाने, एकेक दाबला. पहिला 87. दुसरा 81. तिसऱ्याची सुई चाळिशीपर्यंतही पोचली नाही.

"हा नुसता दोनशेला गेलेला नाही," अण्णा म्हणाले. "ह्याला कुठेतरी चारशे दाखवलेत तुम्ही."

मी म्हटलं शक्यच नाही, माझा ओव्हन अडीचशेच्या वर जातच नाही. बोलता बोलता मला हुक जाळायची भट्टी आठवली.

प्रत्येक पावडर कोटिंगवाल्याकडे माल टांगायच्या हुकांवर रंगाचे थरावर थर चढतात. ते निघाले नाहीत तर अर्थिंग मिळत नाही आणि पावडर धरत नाही. म्हणून हुक भट्टीत जाळून साफ करतात. भट्टी चारशेच्या आसपास. मी भट्टी सांभाळणाऱ्या पोराला फोन लावला. "ते बावीस लिव्हर सोललेस कशाने?" पोरगा प्रामाणिक. "शेठ, स्ट्रिपरचा डबा संपला होता. माल अर्जंट होता. हुकांच्या भट्टीत टाकले. एकदम साफ निघाले."

साफ निघणारच. त्याला ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. लोखंडाचे ब्रॅकेट असेच सोल म्हणून मीच त्याला शिकवलं होतं. लोखंडाला चालतं. पोराला काय माहीत, आणि खरं सांगायचं तर मला तरी कुठे माहीत होतं.

अण्णांनी चहा मागवला आणि मग शिकवणी घेतली. ॲल्युमिनियम म्हणजे सगळं एक नव्हे. ह्या 7075 मध्ये जस्त आणि मॅग्नेशियम असतं. आधी पावणेपाचशेच्या आसपास तापवून पाण्यात विझवायचं, आणि मग 120 अंशांवर चोवीस तास मुरवायचं. मुरता मुरता आत अतिशय बारीक कण तयार होतात आणि तेच धातूला घट्ट धरून ठेवतात. ती टी6 म्हणजे ह्या मुरवण्याची खूण. "लोणचं मुरलंय, आता तुम्ही त्याला गॅसवर ठेवलंत," अण्णा म्हणाले. दोनशे अंशांवर ते कण जाड व्हायला लागतात, एकमेकांना गिळतात, आणि पकड ढिली पडते. वीस मिनिटांत थोडी, तासाभरात बरीच. चारशेला तर सगळा खेळ खलास. 6061 ग्रेडचं ॲल्युमिनियम असतं तर एकदा भाजल्याने एवढं बिघडलं नसतं, कारण ते मुळातच पावणेदोनशेला मुरवलेलं असतं.

मी विचारलं, पुन्हा कडक करता येतील का? अण्णांनी लिव्हर डोळ्यासमोर धरला, भोकातून बल्बकडे पाहिलं. "करता येतील. पण पाण्यात विझवताना एवढा बारीक पार्ट वाकडा होणार आणि हे पिव्हटचं भोक गोल राहणार नाही. मी हात लावणार नाही." नाही म्हणण्यात अण्णांचा हात कुणी धरत नाही, पण त्या दिवशी ते बरोबर होते.

मुलाला रात्रीच फोन केला. आधी दुपारच्या बोलण्याची माफी मागितली. सळीवाल्यावर घेतलेला आळ मागे घेतला, आणि मग आकडे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने एकच विचारलं, "एकदाच भाजलेले अठ्ठावन्न आहेत, ते चालतील?" मला हो म्हणायचा मोह झाला. 87 वरून 81, कागदावर फार नाही. पण ते ठरवायला मी कोण, मी रंगवाला. म्हटलं, ब्रेकचे लावू नका. क्लचचे टेस्ट करून ठरवा. त्याने सगळेच बाद केले. बावीस नगांचं मटेरियल आणि मशीनिंग मी भरलं. बाकीच्या अठ्ठावन्नांचं त्याने मागितलं नाही, मीही दिलं नाही. ते अजून टोचतं.

तो आता लिव्हर ॲनोडायझिंगला देतो, चाकणला. तिथे टाकीत काम चालतं, दोनशे अंश नाहीत. लाल तेवढा झगझगीत येत नाही, असं मध्ये भेटला तेव्हा म्हणाला.

आमच्या चलनावर आता एक रकाना वाढलाय: मटेरियलचा ग्रेड. निम्मे लोक त्यात नुसतं "ॲल्यु." लिहितात. तसं आलं की मी स्वतः फोन करतो, आणि उत्तर मिळेपर्यंत माल रॅकवरच राहतो. हुकांच्या भट्टीला कुलूप लावलंय. किल्ली त्याच पोराकडे आहे.

भाच्याने साच्याचं नवं ड्रॉइंग पाठवलंय. नाक 0.05 ने बारीक केलंय, वंगणाच्या खाचा काढल्यात. बुडाच्या कडेला त्याने छोटासा उतार दिलाय, झालर तिथे मावावी म्हणून. मला तो उतार पटत नाही. बुडाशी खेळ नको असं त्यानेच मला शिकवलं होतं. शनिवारी फोन येईल तेव्हा बघू.