शिविती कागदकाम: घडी, प्राणी आणि अक्षरे

पूर्व युरोपातील ज्यू कागदकामाच्या, म्हणजे कागद कापून नक्षी करण्याच्या, पद्धतीने हाती घेतलेली शिविती आता अशा टप्प्यावर आली आहे की मेनोरा म्हणजे सात फांद्यांचा दीपवृक्ष, तिच्या दोन्ही बाजूंची जैतुनाची झाडे आणि प्राण्यांच्या जोड्या कापून झाल्या आहेत आणि केवळ मजकूर बाकी आहे. मजकुराला हात लावण्यापूर्वी आतापर्यंतचे निर्णय आणि त्यांमागची कारणे लिहून ठेवतो, कारण या कलेत सुरी कुठे चालवायची आणि चिन्हाचा अर्थ काय, हे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

स्तोत्रसंहितेतील सोळाव्या स्तोत्राचे आठवे वचन, म्हणजे परमेश्वराला मी नित्य आपल्यासमोर ठेवले आहे या आशयाचे चार हिब्रू शब्द, ठळकपणे मांडून भोवती सजावट केलेला फलक म्हणजे शिविती. कागदकामात याहून अधिक परिचित प्रकार मिज्राहचा आहे. तो पूर्वेच्या भिंतीवर लावतात, कारण युरोपातून प्रार्थनेच्या वेळी जेरुसलेमकडे तोंड करायचे तर पूर्वेकडे वळावे लागते. आपल्याकडून मात्र जेरुसलेम पश्चिमेला आहे आणि म्हणूनच मुंबईतील व कोकणातील बेने इस्रायल ज्यूंच्या सिनेगॉगांमध्ये (प्रार्थनामंदिरांमध्ये) तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट पश्चिमेच्या भिंतीत असते. महाराष्ट्रातल्या भिंतीसाठी मिज्राह करणे मला पटेना; शिविती दिशेशी बांधलेली नाही, म्हणून ती निवडली.

या कलेचा सर्वांत जुना लिखित उल्लेख बहुधा स्पेनमधला आहे. रब्बी शेम तोव इब्न अर्दुतिएल यांनी 1345 साली लेखणी आणि कात्री यांच्या वादावर हिब्रू रचना केली असून तीत शाई गोठल्यामुळे कात्रीने कागदातून अक्षरे कापण्याचा प्रसंग येतो. परंतु आज आपण ज्या शैलीला ज्यू कागदकाम म्हणतो ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील पोलंड, गॅलिशिया आणि युक्रेनमधील आहे. कागद तोपर्यंत स्वस्त झाला होता आणि धार्मिक शाळांतील मुलांपासून शिक्षकांपर्यंत अनेक जण लाकडी फळीवर कागद ठेवून साध्या चाकूने ही नक्षी कापत; शावुओतच्या सणाला खिडक्यांवर चिकटवायची लहान गोल नक्षीही त्यातलीच. कागद मुळात नाशवंत आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात ती घरे व ती माणसेच नष्ट झाली, त्यामुळे मूळ नमुने फार थोडे उरले आहेत. प्राण्यांची वळणे समजून घेण्यासाठी म्हणूनच मी थडग्यांवरील कोरीवकामाची छायाचित्रे आणि वॉर्सातील पोलिन संग्रहालयात पुन्हा उभारलेले ग्वोझ्द्झिएत्स येथील लाकडी सिनेगॉगचे रंगीत छत यांचा आधार घेतला. सिंह, हरिण आणि गरुड तिथेही याच थाटात भेटतात.

प्राणी चार आहेत आणि त्यांची निवड सजावटीपुरती नाही. पिर्के आवोत या नीतिवचनांच्या ग्रंथात यहूदा बेन तेमा सांगतात की स्वर्गातील पित्याची इच्छा पुरी करण्यासाठी बिबट्यासारखा धीट, गरुडासारखा हलका, हरिणासारखा चपळ आणि सिंहासारखा बलवान हो. कागद उभा दुमडून कापला की प्रत्येक प्राण्याची आपोआप जोडी होते आणि दोघे मधल्या वस्तूकडे तोंड करून उभे राहतात. सिंहांच्या बाबतीत हे फारच शोभते, कारण यहूदा वंशाचे चिन्ह असलेले सिंह मुकुटाच्या किंवा दशाज्ञांच्या पाट्यांच्या दोन्ही बाजूंना उभे असतातच. गरुड मात्र मी घडीवरच ठेवला. अर्धे शरीर आणि बाजूला वळलेले एक डोके कापून कागद उघडला की दोन डोक्यांचा गरुड तयार होतो. रशियन आणि ऑस्ट्रियन साम्राज्यांच्या राजचिन्हांत हाच पक्षी होता आणि ज्यू कारागीर त्याच साम्राज्यांत राहत होते, त्यामुळे जुन्या कामांत तो वारंवार दिसतो यात नवल नाही. तरीही घडीच्या सोयीचा त्यात मोठा वाटा असावा, असे माझे मत हे काम करताना पक्के झाले.

मेनोराही घडीला अनुकूल आहे. मधला दांडा घडीवर येतो आणि प्रत्येक बाजूला तीन फांद्या उरतात. बायबलमधील जखऱ्या या संदेष्ट्याच्या दृष्टान्तात दीपवृक्षाच्या उजवीकडे व डावीकडे एकेक जैतुनाचे झाड आहे. 1299-1300 मधील सेर्वेराच्या बायबल या स्पेनमधील हिब्रू हस्तलिखितात योसेफ हा-त्सार्फाती या चित्रकाराने हेच दृश्य पूर्ण पानभर रंगवले आहे आणि माझी मांडणी त्यावरूनच सुचली. फांद्या मी 8 मिलिमीटर रुंद ठेवल्या, कारण त्यांवर शाईने सदुसष्टावे स्तोत्र लिहायचे आहे. शीर्षक वगळता त्याची वचने सात आणि शब्द 49 आहेत, म्हणून ते मेनोराच्या आकारात लिहिण्याची जुनी प्रथा आहे.

खरी कसोटी वरच्या ओळीत आहे. अक्षरे घडीत कापता येत नाहीत, कारण अर्धी उलटी उमटतील. तेव्हा कागद उघडून, एकेरी कापावे लागते. अक्षरे शिल्लक ठेवून भोवतीचा कागद काढायचा झाल्यास 'योद' हे छोटे अक्षर वरच्या पट्टीला लटकवावे लागते आणि 'हे' या अक्षराचा डावा पाय माथ्यापासून सुटा असल्याने त्याला वेगळा आधार द्यावा लागतो. उलट अक्षरेच कापून काढली तर ही अडचण राहत नाही, शिवाय या वचनात 'सामेख' किंवा अंत्य 'मेम' यांसारखे पूर्ण बंद अक्षर नसल्यामुळे मधला तुकडा गळून पडण्याची भीतीही नाही.

तथापि या चार शब्दांपैकी दुसरा शब्द म्हणजे परमेश्वराचे चार अक्षरी नाम आहे. लिहिलेले नाम पुसत नाहीत, ते असलेला कागद फेकत नाहीत. जीर्ण झालेली पाने गेनिझात, म्हणजे अशा पानांसाठी राखलेल्या जागेत, ठेवतात आणि पुढे दफन करतात. नाम कापून काढले तर खाली पडणारे तुकडे त्याच अक्षरांच्या आकाराचे असतील आणि त्यांना कचरा मानणे मला शक्य नाही. म्हणून उरलेले तीन शब्द कापायचे आणि नामासाठी मध्यभागी कोरी जागा राखून ते अखेरीस शाईने लिहायचे, असे ठरवले आहे. कापलेल्या कामावर मजकूर लेखणीने भरण्याची पद्धत जुन्या नमुन्यांतही आहे, त्यामुळे शैलीला बाध येत नाही. सरावाच्या कागदांवरही मी नाम लिहीत नाही. 'हे'चे वळण इतर शब्दांतून गिरवतो.

हातकागदाचे लांब तंतू अक्षरांच्या कोपऱ्यांत पातीबरोबर ओढले जातात, म्हणून मजकुराच्या पट्टीला मागून पातळ खळ लावून ती वाळत ठेवली आहे. ती वाळली की प्रत्येक शब्दासाठी नवी पाती घेऊन उजवीकडून कापायला सुरुवात करीन. मागे गडद निळा कागद लावावा की पारंपरिक लाल, हे अक्षरे उघडी झाल्यावर दोन्ही रंग मागे धरून पाहूनच ठरवेन. गरुडाच्या पंखांतील जाळी अतिशय बारीक असल्यामुळे सध्या माझा कल निळ्याकडे आहे.