हिराबोळ

२८ डिसेंबरला पहाटे कोल्हापूर सोडलं तेव्हा नाताळच्या करंज्या अजून डब्यात होत्या. सहा जानेवारीला, मागींच्या सणाला, म्हणजे बाळ येशूला दानं घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या सणाला, गोव्यात मांडवीकाठी रेइश मागूशच्या चर्चला पोचायचं. आम्ही पाच जण, पुढं मास्तर. माझ्या पिशवीत तीन पुड्या: आईच्या पोतेतला, सराफांच्या गुजरीत सोडवून घेतलेला सोन्याचा एक मणी, ऊद, आणि काष्ठौषधीच्या दुकानातला हिराबोळ. बायबलातला गंधरस तो हाच.

कागल झालं, निपाणी झालं. कुठला मुक्काम कितव्या दिवशी, आता सांगता येणार नाही. डोक्यात राहिलीय ती मास्तरांची शिट्टी. जपमाळेचे दहा मणी झाले की शिट्टी, चहाला शिट्टी, ट्रक आला तरी शिट्टी. चालता चालता ते समजावत: सोनं राजाला, ऊद देवाला, गंधरस मरणाऱ्या माणसाला, दुसऱ्या शतकात संत इरेनेयसनंच सांगून ठेवलंय. मी म्हटलं, मागी तीन होते असं मत्तय त्याच्या शुभवर्तमानात कुठं म्हणतो? दानं तीन, म्हणून आपण माणसंही तीन केली. मास्तरांनी शिट्टी वाजवली.

पण गंधरस मला टोचत होता. जुन्या करारात, यशयाच्या साठाव्या अध्यायात लोक सोनं आणि ऊद घेऊन येतात, गंधरस नाही. तो मत्तयात येतो तो थेट बाळापाशी. पुढं क्रुसावर गंधरस घातलेला द्राक्षारस येशूला देऊ केला, त्यानं घेतला नाही. मग निकदेम नावाचा माणूस तो घेऊन आला, येशूच्या कबरेसाठी. बाळ बघायला जाताना मयताचं सामान कोण नेतं? मरियेनं ती पुडी ठेवली तरी कुठं असेल?

उत्तूरच्या अलीकडं डाव्या टाचेचा फोड असा भरला की पाऊल टेकवेना. दुपारचं ऊन, डांबर तापलेलं. बाकीचे पुढं गेले. शिट्टी लांबून ऐकू येत होती आणि मला रडू आलं, देवाच्या नावानं नव्हे, रागानं. रस्त्याकडेच्या घराच्या कट्ट्यावर बसले. आतून शेगडीच्या धुरीचा वास येत होता.

एक आजी बाहेर आल्या. पाय बघितला, आत गेल्या, सुई-दोरा आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. माझी टाच स्वतःच्या मांडीवर घेतली. मी पाय ओढून घेतला तर म्हणाल्या, "गप बस की. पंढरीला जाणाऱ्यांचं असले लई फोड बघितल्यात." फोडातून दोरा ओवला, दोन्ही टोकं बाहेर ठेवली. पाणी झिरपत गेलं तशी कळ उतरली.

"कंच्या देवाला निघालायसा?"

"गोव्याला. आमच्या चर्चला."

"मग वारीच की."

रुमाल काढताना पुडी खाली पडली. त्यांनी उचलली, उघडली, तांबूस खडा नाकाशी धरला. "हिराबोळ! घरात बाळंतीण हाय व्हय तुमच्या?"

मी मास्तरांचंच पाठ म्हणून दाखवलं. मरणाची खूण वगैरे. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

"मयताला कशाला? बाळंतिणीला देत्यात ह्ये. कडू असतंय, गुळातुपात गोळी करायची. आमच्या पोरीला आज आठवा दिस. ल्योक आणतो म्हनून गेलाय, त्याचा पत्त्या न्हाई."

आत बाळ रडत होतं. मी काही ठरवलं नाही. पुडी त्यांच्या हातातच होती, ती मी मागितली नाही एवढंच. त्यांनी पैसे विचारले. मी म्हटलं, दोऱ्याचे किती झाले ते सांगा.

पुढं आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदा. १५५५ सालचं ते पांढरं चर्च, पायऱ्या, गर्दी. मणी हातातून सुटता सुटेना. मागच्या बाईनं ढकललं तेव्हा सुटला. ऊद दिला. मास्तर बघत होते.

"आणि गंधरस?"

"पोचला."

त्यांनी पुढं विचारलं नाही, हे नवलच.

परतीच्या एसटीत उत्तूर यायच्या आधी मास्तरांनीच मला हलवून उठवलं. खिडकीतून ते घर दिसलं. दोरीवर दुपटी वाळत होती.