झाकून ठेवलेले ताट

मिळवता झालेला मुलगा आईवडिलांच्याच घरात राहत असेल, तर तिथली भांडणे लग्न, पैसा अशा भारदस्त विषयांवरून होत असावीत, असा बाहेरच्यांचा समज असतो. आमच्याकडे ती पोळ्यांवरून होतात. मुलगा हिंजवडीला नोकरी करतो, त्याच्या मीटिंगा अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे चालतात, आणि “रात्री जेवायला आहेस का?” या साध्या प्रश्नाला चौकशी आयोगाचे स्वरूप आले आहे. मला कणीक किती भिजवायची एवढेच हवे असते. त्याला त्यात कुठे, कोणाबरोबर आणि कधी परतणार, हे तिन्ही प्रश्न ऐकू येतात. खरे सांगायचे तर ते त्यात असतातही.

उत्तर आले नाही की ताट वाढून झाकून ठेवायचे, ही आमच्या घरची रीत. वर उपडी घातलेली ताटली, गार झालेली आमटी, कडेला सुकत चाललेली लिंबाची फोड: पाहणाऱ्याला ही माया वाटते, आणि ती असतेच, पण मित्रांबरोबर जेवून अपरात्री आलेल्या माणसाला त्यात आपल्यावरचा आरोपही वाचता येतो. तो तसाच झोपतो, सकाळी त्याच पोळ्या कुस्करून, फोडणीला टाकून मी त्याच्यापुढे ठेवते, आणि एकही शब्द न बोलता भांडण पुरे होते.

मूल अठराव्या वर्षी सज्ञान होते, हे १८७५च्या कायद्याने कधीच ठरवून टाकले आहे. गंमत अशी की लग्न, घटस्फोट आणि दत्तक या बाबी त्या कायद्याने मुद्दाम बाजूला ठेवल्या. घरगुती प्रकरणांत पडू नये, एवढे शहाणपण इंग्रज सरकारलाही होते. २००७च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याची सोय केली, त्यासाठी न्यायाधिकरणेही आली. मात्र सज्ञान मुलाची वाट किती वाजेपर्यंत पाहायची, हे तिथे विचारता येत नाही.

ते आम्हीच ठरवले. “तू वेळेवर कळवत जा” हे वाक्य मी सोडून दिले, कारण ते त्याच्या वागण्याविषयी होते आणि त्यावर आता माझी सत्ता नाही. त्याऐवजी, आठपर्यंत निरोप आला नाही तर तुझ्या वाटणीच्या पोळ्या मी करणार नाही आणि ताटही झाकणार नाही, असे एका रविवारी दुपारी, दोघांचीही पोटे भरलेली असताना सांगितले. रात्री दारातच सांगितले असते, तर तीच धमकी झाली असती. त्याने शांतपणे “चालेल” म्हटले, याचा मला थोडा रागच आला.

हा नियम पाळावा लागतो तो मला. साडेआठला हात पिठाच्या डब्याकडे जातो, आणि “असू दे गं, दोन पोळ्यांनी काय बिघडतंय” असा ह्यांचा सूर असतो. एकाने उदार व्हायचे आणि दुसऱ्याने वाईट, ही वाटणी मुले लहान असताना खपून जाते. मूल सव्वीस वर्षांचे झाल्यावर मात्र तिच्यापायी नियमही टिकत नाही आणि नवराबायकोतच नवी कुरबुर सुरू होते. आम्हा दोघांचे एकमत व्हायला मुलाच्या होकारापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

आता तो रात्री स्वतःच अंडाभुर्जी करून खातो, आणि बरी करतो. फक्त नंतर कढईत पाणी घालून ठेवत नाही. त्याविषयी येत्या रविवारी जेवणानंतर बोलायचे आहे. ह्यांना आधीच विश्वासात घेतले आहे.