टाइम-स्टेप निम्मा केला आणि रन आणखी लवकर उडाला

पाण्याच्या पाइपात बसवायची रबराची पातळ पट्टी. पाण्याच्या ठरावीक वेगाला ती फडफडेल का, एवढंच संगणकावर गणित करून सांगायचं होतं. हवेतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांसाठी वर्षभर वापरलेला कोड हाताशी होता, म्हणून मी निर्धास्तपणे रात्री रन लावून घरी गेले. सकाळी बघते तर पंधराव्या स्टेपलाच सगळं उडालेलं, म्हणजे आकडे अफाट वाढून गणित बंद पडलेलं.

टाइम-स्टेप, म्हणजे गणित एका वेळी पुढे सरकतं तो वेळेचा तुकडा, मोठा झाला असेल म्हणून निम्मा केला. नवव्या स्टेपला उडाला. पुन्हा निम्मा केला, तर त्याहून लवकर. इतकी वर्षं हाच उपाय कामी आला होता; तो असा उलटलेला बघून मला खरंच भीती वाटली. कृत्रिम डॅम्पिंग, म्हणजे हालचाल दाबून टाकणारा गणितातला अडथळा, वाढवायच्या बेतात होते, तेवढ्यात आमच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "थांब. आधी आलेख मोठा करून बघ."

मोठा केला तर करवतीचे दात दिसले. एक स्टेप वर, एक खाली. खऱ्या फडफडीला स्वतःचा आवर्तनकाळ असतो. टाइम-स्टेप निम्मा केला तरी तो तेवढाच राहतो. इथे तोही निम्मा होत होता. म्हणजे हे पाण्याचं काम नव्हतं, आमच्या कोडचं होतं.

पट्टी हलते तेव्हा शेजारचं पाणीही तिला ढकलावं लागतं, आणि ते वजन जणू पट्टीचंच होऊन बसतं. हवेत हे ओझं नगण्य. पाण्यात मात्र, पट्टी पातळ आणि घनता जवळपास पाण्याइतकीच असेल, तर ते पट्टीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त भरतं. आमचा कोड दर स्टेपला प्रवाह एकदा सोडवायचा, पट्टी एकदा, आणि पुढे जायचा. चूक दुरुस्त व्हायच्या आधीच दुप्पट व्हायची. खात्रीसाठी रबराची घनता खोटीच दहापट केली. रन शांत.

मग दर स्टेपमध्ये दोघांचा मेळ बसेपर्यंत फेऱ्या घालायच्या ठरवल्या, एटकेनच्या रिलॅक्सेशनसह, म्हणजे दर फेरीत दुरुस्ती किती घ्यायची ते आधीच्या फेऱ्यांवरून ठरवत. तपासायला २००६ सालचा टुरेक–ह्रोन बेंचमार्क, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं चाचणीचं गणित, घेतला: १० सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल, त्यामागे ३५ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर जाड लवचिक शेपूट, घनता द्रवाइतकीच. टोक वर-खाली सुमारे ३४ मिलिमीटर जायला हवं, सेकंदाला पाचाहून थोडी जास्त वेळा. रात्रभर चालवला. सकाळी आकडे जुळले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

मग रबराची पट्टी पुन्हा लावली. करवत गेली होती. पण हळूहळू एक गुळगुळीत लाट वाढत गेली आणि एका उंचीवर स्थिरावली. टाइम-स्टेप निम्मा केला, आवर्तनकाळ तोच. पट्टी खरोखरच फडफडत होती! आदल्या सकाळी डॅम्पिंग वाढवलं असतं तर करवतीबरोबर ही लाटही पुसली गेली असती, आणि पट्टी सुरक्षित म्हणून पाइपात गेली असती.

दोन्ही आलेख एकाच पानावर शेजारी-शेजारी छापून अहवालाला जोडले, आणि जाड पट्टीची गणितं करायला बसले.