सर, व्हीएलसी उघडतच नाही

"सर, व्हीएलसी टाकलंय, पण उघडतच नाही," अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन. एरवी 'रीस्टार्ट करून बघा' म्हणालो असतो. पण त्या पुढे म्हणाल्या, "झिपला पासवर्ड होता, तो बरोबर टाकला मी." पोटात गोळाच आला. व्हीएलसी म्हणजे व्हिडिओ बघायचं मोफत सॉफ्टवेअर, त्याच्या झिपला पासवर्ड कशाला हवा? अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून!

धावत जाऊन आधी नेटची वायर काढली. डाउनलोड्समध्ये फाइल सापडली, ७०० एमबीच्या वर. व्हीएलसीचा खरा इन्स्टॉलर ५० एमबीच्याही आत असतो. बाकी सगळी शून्यं भरलेली, कारण फाइल फार मोठी असली की बरेच स्कॅनर ती तपासतच नाहीत. खऱ्या फाइलवर व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची डिजिटल सही असते. हिच्या प्रॉपर्टीजमध्ये सहीचा टॅबच नव्हता.

हिस्टरी उघडली. मॅडमनी सर्च केलं होतं, सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक केलं होतं. ती ओळ जाहिरात होती. "पण सर, मी नाव वाचलं होतं हो," मॅडम रडवेल्या झाल्या. खरंच वाचलं होतं त्यांनी. पत्त्यात नावाला एक जादा शब्द चिकटवलेला, एवढाच फरक. २०२३मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या नकली जाहिरातीतून उघडणाऱ्या साइटच्या पत्त्यात तर 'के' अक्षराखाली एक बारीक खूण तेवढी होती, स्क्रीनवर धुळीचा कण बसावा तशी. अशा वेळी माणसाला बोल लावणं मला अजिबात पटत नाही.

असले प्रोग्राम ब्राउझरमधले पासवर्ड तर उचलतातच, कुकीजही नेतात, म्हणजे आपण लॉगिन केल्याची ब्राउझरने जपलेली खूण. कुकी हाती लागली की ओटीपीशिवायही खात्यात शिरता येतं. म्हणून माझ्या लॅपटॉपवरून आधी त्यांच्या मेलचे पासवर्ड बदलले, मग 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट', मग बँकेचं लॉगिन. दुपार त्यातच गेली. मशीन पुसून विंडोज नव्याने टाकलं.

संध्याकाळी त्यांनी स्वतः व्हिडिओलॅन डॉट ओआरजी हा पत्ता टाइप केला, फाइल उतरवली. साइटवरचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा चौसष्ट अक्षरी ठसा, मी वाचत होतो, फाइलचा त्या बोट ठेवून ताडून बघत होत्या. चौसष्टावं अक्षर जुळलं तेव्हा कुठे त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.